जुळवलेल्या रीडिंगचे गुण

अभियांत्रिकीच्या प्रत्येक सत्राचे शेवटचे दोन आठवडे सबमिशनचे असतात. वसतिगृहांत मागच्या वर्षीच्या फाईल फिरतात, ऑब्झर्वेशन टेबल उतरवून घेतले जातात, ग्राफ सरळ येत नसेल तर भरकटलेले दोन बिंदू खोडून रेषेवर आणले जातात. मग फाईलवर सही होते, २५ पैकी २२, २३ किंवा २४ गुण पडतात आणि प्रयोगशाळेचा विषय संपतो. मुले आळशी झाली, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येतो. मला ते पटत नाही. ज्याला गुण मिळतात ते काम मुले करतात, आणि आपल्याकडे गुण आहेत ते पुस्तकातल्या उत्तराशी जुळण्याला. आलेले रीडिंग जसेच्या तसे लिहून ‘हे असे का आले’ याच्या मागे लागणाऱ्या मुलाचे काम वाढते, फाईल मागे पडते, आणि तोंडी परीक्षेत उलटतपासणी त्याचीच होते. म्हणून प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाची दुरुस्ती नव्या यंत्रांच्या खरेदीपासून सुरू करून उपयोग नाही. ती मूल्यमापनापासून सुरू करावी लागेल.

हिंगोली जिल्ह्यात तर हा प्रश्न आता दारात येऊन उभा आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारे लेसर किरण आणि टोकांना टांगलेले आरसे, असे हे यंत्र आहे. ज्या नळ्यांतून किरण जातात त्यांतला दाब वातावरणाच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास ठेवावा लागतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या लायगोच्या अशाच दोन वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली, तेव्हा दोन भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाहूनही लहान होता.

इतक्या सूक्ष्म फरकाला ‘हा खरा आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कुठून येतो? त्या दोन वेधशाळांत सुमारे ३००० किलोमीटरचे अंतर आहे. लिव्हिंग्स्टनला आलेला संकेत हॅनफर्डला जवळपास ७ मिलिसेकंदांनी पोहोचला, म्हणजे प्रकाशाला ते अंतर कापायला जो १० मिलिसेकंद वेळ लागतो त्याच्या आत. दोन्हीकडे लहरीचा आकार सारखा होता. रस्त्यावरची वाहतूक, लांबचा भूकंप, वाऱ्याने हलणारी इमारत, विजेच्या पुरवठ्यातला आवाज, यांपैकी कशानेही तो आकार तयार झालेला नाही, हे एकेक करून तपासले गेले. आपल्याच आकड्यावर इतका अविश्वास दाखवल्यावर मग कुठे विश्वास ठेवला गेला. हिंगोलीत हे काम आणखी कठीण असणार, कारण इथली जमीनही अधूनमधून थरथरते. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले आहेत.

याच क्षेत्रात उलटही घडलेले आहे. १९६९ मध्ये जोसेफ वेबर या अमेरिकी शास्त्रज्ञाने ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांवर गुरुत्वीय लहरी सापडल्याचे जाहीर केले. तो कष्टाळू होता, कुशल होता, आणि या लहरी मोजून पाहण्याची हिंमत पहिल्यांदा त्यानेच केली. पण इतरांनी तसेच दंडगोल बांधून पाहिले तेव्हा कोणालाच काही मिळाले नाही. हवे ते उत्तर मनात धरून मोजायला बसले की कसलेला प्रयोगकर्ताही फसू शकतो. मग १९ वर्षांच्या मुलाच्या हातात उत्तर आधीच छापलेले पुस्तक देऊन त्याच्याकडून तटस्थ मोजमापाची अपेक्षा कशी ठेवायची?

मूल्यमापन कसे असावे याचा मला ठाऊक असलेला सर्वांत चोख नमुना लायगोच्याच इतिहासात आहे. या प्रकल्पात एका छोट्या गटाला यंत्रात गुपचूप खोटा संकेत सोडण्याची मुभा होती. तो कधी सोडला जाईल, मुळात सोडला जाईल की नाही, हे इतर कोणालाही माहीत नसे. १६ सप्टेंबर २०१० रोजी एक दणदणीत संकेत आला. तो बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा दिसत होता म्हणून त्याला ‘बिग डॉग’ हे नाव पडले. पुढचे सहा महिने शेकडो शास्त्रज्ञांनी त्याची चिरफाड केली, शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया येथे सर्वांसमोर बंद पाकीट उघडले गेले आणि संकेत पेरलेला होता हे कळले. कोणी नापास झाले नाही. संकेत शोधता येतो, त्याच्या विश्वासार्हतेचे गणित मांडता येते, हे सिद्ध झाले. २०१५ चा खरा संकेत आला तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला गेला की हे पुन्हा पेरलेले तर नाही ना. नव्हते.

आपल्या प्रयोगशाळेची परीक्षा अशी का असू नये? सत्राच्या सुरुवातीला मुलांना सांगावे की काही बाकांवरच्या उपकरणांत मुद्दाम एखादी खोट असेल; कुठे आणि कोणती ते सांगितले जाणार नाही, काही बाकांवर ती नसेलही. तराजूचे शून्य दोन ग्रॅमने सरकलेले, व्होल्टमीटरच्या वायरीत एक रोध जोडलेला, वाळूच्या नमुन्यात थोडी माती मिसळलेली. नोंद पाकिटात बंद, शेवटच्या प्रात्यक्षिकाला सर्वांसमोर उघडायची. गुण खोट शोधण्याला, आणि तितकेच गुण नसलेली खोट न शोधण्याला, कारण आकडा जुळला नाही की यंत्रावर खापर फोडणे ही देखील चुकवेगिरीच आहे. एक अट मात्र काटेकोर पाळावी. जिथे विजेचा, दाबाचा किंवा उष्णतेचा धोका आहे तिथे अशी खोट कधीही पेरायची नाही.

इथे मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे, तो म्हणजे प्रयोगशाळा असते कशासाठी. आपल्याकडचे रूढ उत्तर असे की वर्गात शिकवलेला सिद्धांत पक्का व्हावा म्हणून. हे उत्तर तपासले गेले आहे. नताशा होम्स आणि कार्ल वायमन यांनी तीन संस्थांमधले नऊ पदार्थविज्ञान अभ्यासक्रम आणि सुमारे ३००० विद्यार्थी यांची पाहणी केली. तिथे प्रयोगशाळा ऐच्छिक होती, त्यामुळे ती घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना शक्य झाली. प्रयोगाने जो भाग पक्का व्हायला हवा होता त्यावरच्या लेखी प्रश्नांत दोन्ही गटांत मोजता येईल असा फरक सापडला नाही. सिद्धांत शिकवायला प्रयोगशाळा हा महागडा आणि कुचकामी मार्ग आहे, असा याचा सरळ अर्थ. तो स्वीकारला की प्रयोगशाळा सिद्धांताच्या चाकरीतून सुटते आणि तिचे स्वतःचे शिक्षण काय, हे विचारता येते.

जानेवारी २००२ मध्ये सॅन दिएगो येथे जमलेल्या अभियांत्रिकी शिक्षकांनी अभियांत्रिकी प्रयोगशाळेची तेरा उद्दिष्टे ठरवली होती. उपकरणे हाताळणे, प्रतिमान आणि वास्तव यांतला फरक ओळखणे, प्रयोग आखणे, सुरक्षितता, गटात काम करणे ही त्यांत आहेतच. पण अपयशातून शिकणे, डोळे-कान-नाक वापरून निरीक्षण करणे आणि प्रयोगशाळेतली सचोटी ही तीन उद्दिष्टेही त्यांनी वेगळी नोंदवली. आपल्या कोणत्या फाईलमध्ये अपयशाला जागा आहे? ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली ‘प्रयोग यशस्वीपणे पार पडला’ असे मुले लिहितात, कारण दुसरे काही लिहिलेले आपण स्वीकारलेलेच नाही.

होम्स, वायमन आणि बॉन यांच्या २०१५ च्या आणखी एका प्रयोगाचे मला विशेष मोल वाटते, कारण त्याला खर्च जवळपास शून्य आहे. मुलांना लंबकाचा आवर्तकाळ दोन कोनांवर, १० आणि २० अंशांवर, मोजायला दिला. पुस्तक शिकवते की कोन लहान असेल तर फरक पडत नाही. पहिल्या फेरीत मुलांना फरक दिसला नाही आणि ती खूश झाली. मग त्यांना सांगितले: तुमची अनिश्चितता किती ते काढा, ती कमी करा, पुन्हा मोजा. एका आंदोलनाऐवजी पन्नास आंदोलनांचा वेळ घेतला की फरक वर येतो. तो अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त आहे, आणि खरा आहे. पुस्तक त्या मर्यादेपुरते अपुरे होते. असे मोजणे, ताडणे, सुधारून पुन्हा मोजणे वर्षभर केलेल्या मुलांमध्ये आपणहून प्रयोगात सुधारणा सुचवण्याचे किंवा करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बारा पट निघाले.

आता हे हिंगोलीच्या मातीत आणून पाहू, आणि इथे माती हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. स्थापत्याच्या प्रयोगशाळेत मातीच्या फुगवट्याचा एक साधा प्रयोग आहे. चाळलेली, वाळवलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन नळकांड्यांत घालायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि २४ तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन आकारमानांतल्या फरकावरून फुगवट्याचा निर्देशांक निघतो. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग पोत्यात भरून ठेवलेल्या त्याच त्या मातीवर होतो आणि उत्तर मागच्या बॅचला माहीत असते. बाहेर तर दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली काळी माती पसरलेली आहे. तिच्यामुळे घरांच्या भिंती तडकतात, रस्ते उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात उचलले जातात. प्रत्येक मुलाने आपल्या शिवारातली माती आणावी. सेनगावची, कळमनुरीची, वसमतच्या ओलिताखालची, औंढ्याच्या डोंगरउतारावरची मुरमाड. उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसेल. एकाच शेतातले तीन नमुने तीन वेगळे आकडे देतील, आणि मग खरा प्रश्न उभा राहील: हा फरक मातीतला की मोजणाऱ्याच्या हातातला? हा प्रश्न ज्याला पडला त्याची प्रयोगशाळा सुरू झाली, असे मी मानतो. एका वर्गाचे असे आकडे पाच वर्षे साठले तर गावागावांच्या मातीचा जो नकाशा तयार होईल तो पाया खणणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा असेल.

हळदीचे उदाहरण याहून मोलाचे आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीचा हळदीचा बाजार राज्यात नावाजलेला आहे आणि भावात ओलाव्याला मोठे महत्त्व आहे. शिजवून वाळवलेले हळकुंड मोडून, त्याच्या खणखणीत आवाजावरून ते वाळले की नाही हे जाणता माणूस सांगतो. विद्यार्थ्याला विचारावे: ओलावा मोजायचा कसा? तो म्हणेल, भट्टीत तापवून वजनातली घट पाहू. पण हळदीत उडून जाणारे तेलही असते. भट्टीत पाण्याबरोबर तेही जाते आणि ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून मसाल्यांसाठी टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी वेगळे मोजण्याची पद्धत रूढ झाली. एकाच हळकुंडाचे दोन पद्धतींनी दोन आकडे येतात आणि दोन्ही काळजीपूर्वक काढलेले असतात. आपण नेमके काय मोजतो आहोत, हा मोजमापशास्त्रातला पहिला प्रश्न इथे शेतकऱ्याच्या खिशाशी जोडला जातो. रासायनिक, इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना मिळून स्वस्त ओलावामापक बनवायला द्यावा, आणि परीक्षक म्हणून बाजारातला एक जुना जाणकार बोलवावा.

इलेक्ट्रिकल मशीनच्या प्रयोगशाळेत मोटार ४१५ व्होल्टवर चालवली जाते. वाकलेल्या खांबांच्या लांबलचक लाईनीच्या टोकाला असलेल्या कृषिपंपाला तेवढा दाब मिळत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला माहीत आहे. इंडक्शन मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३४० व्होल्टला तो दोन-तृतीयांशच उरतो. मोटार जास्त करंट ओढते, तापते, जळते. हा प्रयोग कमी व्होल्टेजवर का होत नाही? शिक्षकाच्या देखरेखीखाली, ऑटोट्रान्सफॉर्मर लावून, त्याच मोटारीवर तो करता येतो. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, प्रश्न मात्र वेगळा लागतो.

लायगोमध्ये जिल्ह्यातल्या किती मुलांना काम मिळेल हा माझ्या युक्तिवादाचा आधार नाही. निर्वात तंत्र, विद्युत, स्थापत्य, इलेक्ट्रॉनिक्स यांतले काही हात तिथे लागतील. पण दुधाळ्याला जी शिस्त लागणार आहे तीच हळदीच्या गोदामात, पुलाच्या काँक्रीटच्या चाचणीत आणि महावितरणच्या मीटरमध्येही लागते. काँक्रीटचा क्यूब कमी ताकदीत फुटला तरी अहवालात हवा तो आकडा लिहिण्याची सवय साइटवर पहिल्यांदा लागत नाही. ती दुसऱ्या वर्षाच्या फाईलमध्ये लागलेली असते.

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यांतले काही खरे आहेत. अनेक महाविद्यालयांत शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, एका बॅचमध्ये वीस मुले, दोन तासांचा वेळ, चालू स्थितीतली दोन उपकरणे. अशा अवस्थेत वेळखाऊ पद्धत कशी आणायची? प्रयोगांची संख्या निम्मी करून, हे माझे उत्तर. दहा प्रयोग एकदा करण्यापेक्षा पाच प्रयोग दोनदा करावेत. पहिल्या खेपेस मोजावे, दुसऱ्या खेपेस सुधारून मोजावे. दहा फाईल तपासण्यात जाणारा शिक्षकाचा वेळ बाकाजवळ उभे राहण्यात जाईल. इथे आडवा येतो तो ‘किमान इतके प्रयोग’ हा नियम. तो कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त नुकसान करतो.

दुसरा आक्षेप निष्पक्षतेचा. उत्तर ठरलेले नसेल तर गुण कशाच्या आधारावर? तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रयोगपुस्तिकांत प्रक्रियेचे आणि निष्पत्तीचे गुण आधीच वेगळे दाखवलेले असतात, त्यामुळे चौकट तयार आहे. अडचण अशी की त्याच पुस्तिकांत कृतीची प्रत्येक पायरी आणि रिकामा तक्ताही छापलेला असतो. विद्यार्थ्याने ठरवायचे असे काही उरतच नाही, मग प्रक्रियेचे गुण कशाचे द्यायचे? आणि निष्पक्षतेची चिंता असेल तर आजच्या पद्धतीत प्रामाणिक मुलावर होणाऱ्या अन्यायाचा हिशोब आधी झाला पाहिजे.

आभासी प्रयोगशाळांबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब सरावाला चांगल्या आहेत, महागडे यंत्र एकदा पडद्यावर हाताळून पाहायलाही. पण पडद्यावरच्या प्रयोगात तेवढ्याच चुका असतात जेवढ्या तो लिहिणाऱ्याने घातल्या. सैल जोड, झिजलेली स्प्रिंग, दुपारी तीनला घसरलेला दाब तिथे भेटत नाही.

विद्यार्थ्यांइतकेच मूल्यमापन अभ्यासक्रमाचेही व्हायला हवे, आणि तिथे आपली परिस्थिती जास्त वाईट आहे. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाल्यापासून मानांकनासाठी उद्दिष्टपूर्तीचे तक्ते भरणे हे प्राध्यापकांचे मोठे काम झाले आहे. तक्त्यात आकडे येतात ते टर्मवर्कच्या गुणांतून, आणि ते सगळे २२ ते २४ मध्ये. ज्या मापात सगळ्यांचे माप सारखे येते ते माप काहीच सांगत नाही. त्यावर कितीही टक्केवारी काढली तरी. त्याऐवजी सत्राच्या पहिल्या दिवशी मुलांपुढे दोन गटांनी घेतलेली रीडिंग ठेवावीत आणि विचारावे: हे दोन गट एकच गोष्ट मोजत आहेत का, तुम्हाला खात्री किती, पुढे काय कराल? शेवटच्या दिवशी तशाच दुसऱ्या आकड्यांवर तेच विचारावे. उत्तरांत बदल दिसला नाही तर दोष अभ्यासक्रमाचा, आणि तो तसा लिहून ठेवण्याचे धाडस विभागाने दाखवावे. प्रामाणिक अपयशाची पहिली नोंद शिक्षकांनी केली तर मुले दुसरी करतील.

नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या स्वायत्त संस्था हे उद्या सुरू करू शकतात. त्यांना कोणाची वाट पाहायची नाही. लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या आणि राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यास मंडळांनी किमान प्रयोगसंख्येची अट सैल करावी. हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या शिक्षकांना अभ्यासक्रम बदलता येणार नाही, पण माती कुठली आणायची हे तर त्यांच्याच हातात आहे. आणि येत्या हिवाळी परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून जे जाणार आहेत त्यांना माझी विनंती आहे: फाईल मिटा आणि प्रत्येक मुलाला एवढेच विचारा की यातले कोणतेही एक रीडिंग तू कोणत्या उपकरणावर घेतलेस, आणि आत्ता पुन्हा घेतलेस तर ते किती बदलेल. जो हे सांगू शकेल आणि करून दाखवू शकेल त्याला पूर्ण गुण द्या, त्याचा आकडा पुस्तकाशी जुळत नसला तरी.